वेबपान की कमांड लाइन: परतीचे दोर कुठे शाबूत राहतात?

नेटवर्क स्विच (संगणक एकमेकांना जोडणारे उपकरण) कसा सेट करावा, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. चोवीस पोर्टच्या एका स्विचसाठी कमांड पाठ करायला लावणे म्हणजे नवख्यांना उगाच घाबरवणे आहे, ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या स्विचच्या वेबपानावर तेच काम चार क्लिकमध्ये होते आणि मी मात्र त्या वेबपानाची एका ओळीत बोळवण केली, असा आपला आक्षेप आहे. त्यातला शेवटचा भाग मान्य. तीन-चार व्हीलॅनच्या (एकाच स्विचवर केलेल्या वेगवेगळ्या नेटवर्कांच्या) लहान कार्यालयात मीही बहुधा तेच पान उघडतो.

मात्र केवळ सोपेपणावरून पद्धत निवडावी, हे पटत नाही. चुकल्यावर मागे कसे फिरता येते, हे मी आधी पाहतो. माझीच चूक सांगतो. एका सिस्को स्विचला घरून एसएसएचने (दुरून कमांड देण्याची सुरक्षित पद्धत) जोडून ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीवर) व्हीलॅन ३० वाढवायचे होते, आणि 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ३०' या कमांडमधला 'अ‍ॅड' माझ्याकडून राहिला. तो शब्द गळला की आधीची यादी पुसली जाऊन एकटे ३० उरते. मी ज्यावरून स्विचपर्यंत पोहोचत होतो ते मॅनेजमेंटचे व्हीलॅन १० त्याच यादीत होते, त्यामुळे एंटर दाबताच स्क्रीन गोठली. बदल स्टार्टअप कॉन्फिगमध्ये (स्विच सुरू होताना वाचतो त्या साठवलेल्या सेटिंगमध्ये) सेव्ह केलेला नव्हता, म्हणून वॉचमनकाकांना फोनवर सांगून प्लग काढून पुन्हा लावायला लावला आणि निभावले. आधी 'रीलोड इन १०' (दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू हो) ही कमांड दिली असती, तर काकांची झोपमोडही झाली नसती.

हीच चूक वेबपानावर झाली असती तर? कित्येक स्वस्त स्विचवर 'अप्लाय' दाबताच बदल कायमचा साठवला जातो. मग प्लग काढून काही होत नाही, फॅक्टरी रीसेट करून सगळे पुन्हा भरावे लागते. आपण जिला इतिहासजमा म्हणता ती कन्सोल केबल (स्विचला थेट लावायची तार), ९६०० बॉडच्या (सेकंदाला ९६०० बिट) संथ गतीने का होईना, आयपी पत्ता हरवलेल्या स्विचशीही बोलते.

टेलनेट (दुरून कमांड देण्याची जुनी पद्धत) पासवर्ड उघडा पाठवते, हे आपले म्हणणे बरोबर आहे; पण म्हणून वेबपान सुरक्षित ठरत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्या आयओएस एक्सई या उपकरणांवरच्या कार्यप्रणालीच्या वेबपानातच १० पैकी १० तीव्रतेची त्रुटी उघड झाली होती. लॉगिनशिवाय पूर्ण अधिकाराचे खाते उघडता येत होते आणि इंटरनेटला उघड्या असलेल्या उपकरणांवर एचटीटीपी सर्व्हर (हे वेबपान दाखवणारी सेवा) बंद करा, असे कंपनीनेच सांगितले.

लेखातली वेबपानाबद्दलची ती एक ओळ काढून तिथे सविस्तर परिच्छेद घातला आहे. 'अप्लाय'बद्दलचा इशारा त्यात पहिल्याच वाक्यात आहे.