उरियाचं नाव आणि माझ्या बहिणीची सही

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया येऊन बारा दिवस झाले. उत्तर मी त्याच रात्री लिहिलं होतं, सकाळी वाचून पुसून टाकलं. त्यात मी माझ्या धर्माची वकिली केली होती आणि तुम्ही विचारलेलं तसंच राहिलं होतं. आता पुन्हा बसलोय. मोटारीची लाईट रात्री बाराला येणार, तोवर वेळच आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: गेल्या महिन्यात मी केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या, १९०५ च्या संजीवनाबद्दल (ख्रिस्ती लोकांत श्रद्धा नव्यानं जागी होण्याला आम्ही संजीवन म्हणतो) लिहिलं होतं. जूनच्या अखेरीस पंडिता रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत असताना मुली रडू लागल्या, मोठ्यानं पापं कबूल करू लागल्या, आणि तिथून ते पसरत गेलं. त्यावर ताईंनी लिहिलं: “दुष्काळात आईबाप गेलेल्या, नवरा मेला म्हणून टाकून दिलेल्या त्या पोरी. त्यांनी असं कोणतं पाप केलं होतं? त्यांना छळणारे आपापल्या घरी झोपले होते. तुमचा पश्चात्ताप म्हणजे देवाशी परस्पर केलेली तडजोड. देवापुढं रडलं की पाटी कोरी, आणि जिचं वाटोळं केलं तिला कुणी विचारतसुद्धा नाही. दाविदाचं ५१ वं स्तोत्र बघा. ‘तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे’ म्हणतो. ज्याची बायको घेतली आणि ज्याला मारलं, त्या उरियाचं त्यात नावही नाही.”

पहिला मुद्दा आधी घेतो, कारण त्यात मी तुमच्याशी अर्धाच सहमत आहे. माझ्या लेखात मी त्या रडण्याचं वर्णन जरा चवीनं केलं, हे खरं. शंभर-सव्वाशे वर्षांनंतर पंख्याखाली बसून दुसऱ्यांच्या अश्रूंवर लिहिणं सोपं असतं. पण त्या मुलींना पाप कुठलं, असं म्हणताना आपण त्यांना नुसत्या बिचाऱ्या करून टाकतो का, हेही बघा. दुष्काळ भोगलेल्या माणसालाही खोटं बोलता येतं, शेजारच्या पोरीचा द्वेष करता येतो, आणि त्याची टोचणीही लागते. ती टोचणी त्यांची स्वतःची होती. तेवढं तरी त्यांच्याकडून काढून घेऊ नये.

दुसरं म्हणजे, ते त्या मुलींपासून सुरू झालंच नव्हतं. मी ही गोष्ट लेखात एका ओळीत उरकली, ती चूक. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी साधारण सत्तर जणींना घेऊन रोज सकाळी प्रार्थना सुरू केली. विषय होता हिंदुस्थानातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांचं खरं परिवर्तन, आणि त्यात त्यांनी स्वतःलाही धरलं होतं. बाप्तिस्मा होऊन तेव्हा एकवीस वर्षं उलटून गेली होती त्यांच्या. त्याआधीही, १८९१ च्या सुमारास, त्यांना कळून चुकलं होतं की १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलाच नव्हता. हे त्यांनी स्वतः छापून लिहून ठेवलंय. शारदा सदन चालवणारी, संस्कृत कोळून प्यायलेली, पुण्यामुंबईत आणि अमेरिकेत नाव झालेली बाई. गप्प बसली असती तर कुणाला काय कळणार होतं? बाईंचा धाक मला वाटतो तो इथं. संस्था चालवणाऱ्यानं आधी स्वतःला रांगेत उभं करायचं, हे आमच्या मंडळ्यांत मी फारच कमी पाहिलंय. आमच्याकडे संजीवन सभा म्हणजे पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्यांनी मागच्या सतरंजीवर बसलेल्यांना पश्चात्ताप करायला सांगायचं.

आता उरिया. ताई, इथं तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

स्तोत्र मी पुन्हा वाचलं. वरच्या मथळ्यात नाथान संदेष्टा आहे, उरियाची बायको बथशेबा आहे, उरिया खरंच नाही. ‘तुझ्याविरुद्धच’ या शब्दाची आमचे उपदेशक अशी फोड करतात की सगळं पाप शेवटी देवाविरुद्ध असतं. ते खोटं नाही. पण ती फोड ऐकताना उरियाच्या आईला काय वाटलं असतं, असं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

फक्त एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असेल म्हणून सांगतो. मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात येशूची वंशावळी आहे, अमक्याला तमका झाला अशी. आम्ही वाचताना ती वगळतो, नावं बोलता येत नाहीत म्हणून. तिच्यात दाविदाच्या ओळीला मत्तय लिहितो की त्याला शलमोन झाला, तो उरियाच्या बायकोपासून. बथशेबा असं सरळ लिहिता आलं असतं. दावीद राजा होऊन, स्तोत्र रचून, मरून हजारेक वर्षं लोटली होती, तरी ज्याला मारला त्याचं नाव खुनी माणसाच्या वंशावळीत ठेवलं, तेही तारणाऱ्याच्या जन्माच्या पानावर. (बथशेबाचं नाव मात्र गेलं. ते तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो.)

आणि जुन्या करारातलं नियमशास्त्र तर तुमच्याच बाजूनं बोलतं. गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात सांगितलंय की माणसाचं नुकसान केलं तर ते परमेश्वराशी बेइमानी केल्यासारखंच आहे. पाप कबूल करायचं, घेतलेलं सगळं परत करायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि ते ज्याचं नुकसान झालं त्यालाच द्यायचं. लेवीय या पुस्तकात क्रमही लावून दिलाय: आधी धन्याला भरपाई, मग दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दल देवाला द्यायचं अर्पण. येशूही डोंगरावरच्या प्रवचनात तेच सांगतो, की अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. जक्कय जकातदारानं निम्मी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट द्यायचं कबूल केलं, तेव्हा कुठं ‘आज या घराला तारण झाले आहे’ हे वाक्य येतं. तो रडल्याची नोंद लूकनं केलेली नाही.

म्हणजे पुस्तकात सगळं आहे. मग आमच्यात का दिसत नाही? याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे, ते माझ्या घरचं.

वडील गेले तेव्हा सहा एकर जमीन होती, आई आधीच गेलेली, वारस आम्ही दोघं, मी आणि धाकटी बहीण. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. त्यात मुलगा-मुलगी समान. हे मला पक्कं माहीत होतं. तरी २०१२ साली तिला हक्कसोडपत्रावर सही करायला नेलं. जबरदस्ती म्हणाल तर केली नाही. दोन महिने आधीपासून घरात सगळे म्हणत होते, सही केली नाही तर माहेर तुटतं. मी काही म्हणालो नाही. गप्प बसण्यानं किती काम होतं ते ज्याला करून घ्यायचंय त्याला कळतं. सही झाल्यावर तिला साडी घेतली. ती तिनं नेली नाही, आमच्याच कपाटात राहिली.

दोन वर्षांनी आमच्याकडे संजीवन सभा झाली. मी पुढं गेलो, गुडघे टेकले, खरंखुरं रडलो. तंबाखू सोडली, रागीटपणा कबूल केला, बायकोवर ओरडतो तेही. तंबाखू आजतागायत सुटलेली आहे. पण त्या तीन दिवसांत बहिणीचं नाव एकदाही मनात आलं नाही. लपवलं असतं तर निदान ठाऊक तरी असतं. मला ते पाप वाटतच नव्हतं, रीत वाटत होती. साक्ष दिली तेव्हा ती मागं बायकांत बसलेली होती.

मग २०१७ ला पीककर्जासाठी सातबारा काढला. त्यावर एकट्याचं नाव. ते बघून मला बरं वाटलं, म्हणजे अगदी छातीत गार वाटलं. आणि तलाठी कार्यालयाच्या पायरीवरच मला त्या बरं वाटण्याची शिसारी आली. का आली ते मला सांगता येत नाही. पाच वर्षं तोच उतारा तसाच होता. मी कोणतं पुस्तक वाचत नव्हतो, उपास धरला नव्हता. ताई, तुमच्यामाझ्यात मतभेद आहे तो इथं. तुम्ही म्हणाल, विवेक जागा झाला. मी म्हणतो, तो माझा मी जागा केला नाही, कुणीतरी हलवलं. मराठीत पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप. पण नव्या करारातला ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ मन बदलण्याचा आहे आणि जुन्या करारातला हिब्रू शब्द माघारी फिरण्याचा. ताप मला २०१४ लाच झाला होता. मन २०१७ ला फिरलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “माझ्या भावानंही माझी सही घेतली. तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत.” पुढं काहीच बोलली नाही. मी अजून त्यावर तिला नीट उत्तर दिलेलं नाही.

तीन महिने घालवले मी. मुद्रांक शुल्काचा हिशेब केला, पोराच्या शिक्षणाचा केला, ‘तिलाच नको असेल’ असंही स्वतःला सांगून पाहिलं. शेवटी दुय्यम निबंधकाकडे तीन एकरांचं बक्षीसपत्र नोंदवलं. त्या कागदाला बक्षीस म्हणतात याची लाज वाटली. तिचंच तिला द्यायचं, त्यात बक्षीस कसलं! वकील म्हणाले, दुसरं नाव चालत नाही. पाच वर्षांच्या पिकाचा पाचवा हिस्सा वगैरे मी काढला नाही, तेही सांगून टाकतो. गणना वाचलेली होती.

तिला घरी जाऊन सांगितलं तेव्हा मनात एक चित्र होतं: ती रडेल, मी रडेन, प्रार्थना करू. ती म्हणाली, “फेरफार झाला की उतारा पाठव.” मी म्हणालो, “मला माफ कर.” ती म्हणाली, “चहा घेणार का?”

त्या वेळी मला राग आला, हे कबूल करतो. एवढं केलं आणि हिला काहीच नाही! आज कळतं की तिच्याकडून क्षमा वसूल करायला निघालो होतो मी, जमिनीच्या बदल्यात. देवाची क्षमा फुकट आहे असं आम्ही शिकवतो, आणि ज्याचं नुकसान केलं त्यानं ती लगेच पदरात घालावी अशी अपेक्षा धरतो. नवऱ्याचा मार खाऊन तुमच्याकडे येणाऱ्या बायकांना कुणी पाळक ‘क्षमा कर, नाहीतर तुलाही क्षमा नाही’ असं म्हणाला असेल, तर तो चुकला. ते वचन आहे, पण त्यानं ते आधी मारणाऱ्याच्या दारात जाऊन वाचायला हवं होतं.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूला पूर्ण येऊ शकत नाही. परतफेड म्हणजेच पश्चात्ताप, असा तुमच्या लिहिण्याचा कल दिसला. येशूला धरून देणाऱ्या यहूदानं त्याबद्दल मिळालेली चांदीची तीस नाणी परत केली होती, ताई. ‘मी निर्दोष रक्त धरून दिले’ असं स्वच्छ कबूलही केलं. मुख्य याजक म्हणाले, त्याचं आम्हाला काय, तुझं तू पाहा. तो गेला आणि त्यानं गळफास घेतला. हिशेब चुकता झाला, माणूस गेला. येशूला धरलं त्याच रात्री त्याच्या पेत्र या शिष्यानं मी त्याला ओळखत नाही असं तीनदा सांगितलं, त्याच्याकडे परत करायला काहीच नव्हतं. पुढं तळ्याकाठी कोळशाच्या विस्तवापाशी त्याला ‘माझ्यावर प्रेम करतोस का’ हा एकच प्रश्न तीनदा विचारणारा येशू भेटला, आणि न्याहारीला भाजलेले मासे होते. माणसाला पुन्हा उभं करणं कागदावर नोंदवता येत नाही, आणि मला त्याशिवाय दुसरा शब्द नाही म्हणून मी त्याला कृपा म्हणतो. तुम्हाला तो शब्द नको असेल तर राहू द्या.

मूळ लेखात आज रात्रीच दुरुस्ती करतोय. जानेवारीतल्या सत्तर जणींचा परिच्छेद वर घेतो आणि रडण्याची तीन वाक्यं काढतो.

बहीण बोलते का, असं कुणीतरी विचारेलच. बोलते, कामापुरतं. तिनं तिचे तीन एकर मला कसायला दिले नाहीत. शेजाऱ्याला बटाईनं दिलेत. मला वाटलं होतं मलाच देईल. बांधावरून रोज जातो. यंदा तिच्याकडची ज्वारी माझ्यापेक्षा हातभर उंच आहे.

लाईट आली. मोटार चालू करून येतो.