पत्र्यांच्या पैशांचा हिशेब

माझं माहेर भायखळ्याचं, मूळ नगरकडचं. घरात ना. वा. टिळकांची भजनं आणि रविवारी सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं चर्च. तिथे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, बदलून यायचे आणि बदलून जायचे. बिशपांचं पत्र आलं की दाराशी सामानाचा टेम्पो लागायचा. लग्न होऊन धारावीतल्या तेलुगू बॅप्टिस्ट घरात आले आणि पहिल्याच महिन्यात पाहिलं, की इथे पाळक कोण असावा यावर माझ्या सासूबाई मत देतात. या सासूबाईंनी, तेलुगूत अत्तम्मांनी, आयुष्यभर महापालिकेत झाडू मारला, सही जेमतेम येते. त्या रविवारी उपासना संपली, मुलांना चहा-बिस्किटं देऊन बाहेर बसवलं आणि मोठ्यांची बैठक सुरू झाली. अत्तम्मा उठल्या आणि म्हणाल्या, छपराच्या पत्र्यांसाठी जमवलेल्या पैशांतले किती उरले? खजिनदार नात्याने त्यांचे मोठे दीर. त्यांनी वही उघडली आणि ओळ न ओळ वाचून दाखवली. कोणालाच त्यात उद्धटपणा वाटला नाही. मी बाप्तिस्म्याच्या हौदात उतरले ती बऱ्याच नंतर, पण बॅप्टिस्ट म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

माहेरची माणसं अजून विचारतात, तुमच्यात आणि आमच्यात फरक काय, तुम्ही मोठेपणी पाण्यात बुडवता एवढाच ना? बुडवणं आहेच. पण त्याच्या मागे एक हट्ट आहे. 1609 मध्ये अॅमस्टरडॅमला आसरा घेतलेल्या इंग्रज मंडळींनी ही वाट धरली. त्यांच्यातला टॉमस हेल्विस 1612 च्या सुमारास लंडनला परतला, राजाचा माणसाच्या आत्म्यावर अधिकार नाही असं त्याने राजालाच लिहून कळवलं आणि त्यापायी तो तुरुंगात मेला. ज्याने स्वतः विश्वास धरला तोच सभासद, आणि सभासद आहे म्हणजे मंडळीच्या, म्हणजे त्या चर्चच्या सगळ्या सभासदांच्या, निर्णयात त्याचा वाटा. विल्यम केरी चपला शिवणारा; एका खेड्यातल्या लहानशा मंडळीने त्याला पाळक केलं. पुढे त्याच माणसाने बंगालमधल्या श्रीरामपूरला बसून 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, 1811 मध्ये मराठी नवा करार. मराठी ख्रिस्ती माणूस कुठल्याही चर्चचा असो, त्याच्यावर हे ऋण आहे.

पण एकाच नावाखाली किती वेगवेगळी घरं आहेत! तेलुगू बॅप्टिस्टांच्या घराघरात 1878 ची गोष्ट सांगतात. आंध्रातल्या ओंगोलजवळच्या नदीत एका दिवसात 2,222 जणांचा बाप्तिस्मा झाला, बहुतेक सगळे गावकुसाबाहेरचे. ज्यांना गावात पाणवठ्यावर जागा नव्हती, त्यांना मंडळीत मत मिळालं. अत्तम्मांचा आवाज तिथून आला आहे असं मी मानते.

माझ्या मुलीच्या कॉलेजमधल्या नागा मैत्रिणींमुळे कालिन्याच्या बाजूला त्यांच्या उपासनेला मी जाते. भाड्याचा हॉल, एक वाजता रिकामा करायचा, तरी चार आवाजांत गाणं असं की अंगावर काटा येतो. त्यांच्याकडे गावाची मंडळी, वर त्या-त्या जमातीची असोसिएशन आणि त्याही वर कोहिमातली परिषद. मिझो बॅप्टिस्टांचं आणखी निराळं. तिथे पाळकाला मंडळी निवडत नाही, त्यांची असेंब्ली, म्हणजे सगळ्या मंडळ्यांची मिळून वरची सभा, नेमून पाठवते. माझ्या माहेरची आठवण झाली! पण स्वयंपाक करताना घरोघरी मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढतात आणि त्यावर केवढं काम उभं राहतं. त्यामुळे पाळक वरून आला म्हणजे मंडळी मुकी झाली, असं मी म्हणणार नाही. उत्तरेतल्या बॅप्टिस्टांच्या कौन्सिलनेही 1970 मध्ये नागपूरला सीएनआयमध्ये सामील होऊन बिशप स्वीकारलेच की.

मग बिघडतं कुठे? कल्याणच्या पुढे माझ्या नणंदेच्या घराजवळ एक स्वतंत्र मंडळी आहे. पाटीवर बॅप्टिस्ट लिहिलेलं. पाळक उत्तम शिकवतात, आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ट्रस्टी म्हणजे ते, त्यांची पत्नी, मेहुणा आणि मुलगा. हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात जातो, मंडळीसमोर येत नाही. नणंदेने जागेसाठी दोन वर्षं दरमहा पैसे दिले होते. एकदा विचारलं, तर पुढच्या रविवारी तिच्यासाठी प्रार्थना झाली, की देवा, हिच्यातला बंडखोर आत्मा काढून टाक. सगळ्यांदेखत. ती घरी येऊन स्वयंपाकघरात रडली. आपल्यावर कोणी बिशप नाही, हे वाक्य तिथे मंडळीला मोकळं करण्यासाठी वापरत नाहीत, एका घराला वाचवण्यासाठी वापरतात.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांचा जन्मच 1845 चा, गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमायचं की नाही या भांडणातून. त्याची माफी मागायला 1995 उजाडलं. आणि 2022 च्या चौकशी अहवालातून कळलं, की लैंगिक अत्याचाराचे आरोप असलेल्या पाळकांची आणि सेवकांची 700 च्या आसपास नावं वरच्या कार्यालयाने गुपचूप नोंदवून ठेवली होती. पीडित बायका वर्षानुवर्षं दार ठोठावत होत्या, त्यांना सांगितलं जायचं की प्रत्येक मंडळी स्वायत्त आहे, आम्ही काय करणार! ते वाचून मला झोप लागली नाही. ज्या स्वायत्ततेसाठी हेल्विस तुरुंगात मेला, तिचाच आडोसा केला.

उलट तिथल्याच काळ्या बॅप्टिस्ट मंडळ्यांत पाळकाचा शब्द फार मोठा. मार्टिन ल्यूथर किंग अशाच मंडळीतून आले. ज्या लोकांना बाहेर कुठेच बोलू देत नव्हते, त्यांनी आपल्या व्यासपीठावरच्या माणसाला बळ दिलं. म्हणून पाळकाच्या हातात अधिकार किती, एवढ्यावरून मी मंडळीला जोखत नाही. मी बघते, की तिथली सगळ्यात गरीब बाई उभी राहून पैशाचं विचारू शकते का, आणि विचारल्यावर पुढच्या रविवारी तिच्याशी लोक कसे वागतात.

यात आमचीही मंडळी कमी पडते, ते लिहायलाच हवं. बायका मत देतात, वर्गणी गोळा करतात, संडे स्कूल चालवतात, पण डीकनांच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या सेवकांच्या, यादीत 27 वर्षांत मी एकही बाई पाहिली नाही. सदर्न बॅप्टिस्टांनी 2000 च्या विश्वासनाम्यात पाळकपद पुरुषांपुरतं ठेवलं. अमेरिकन बॅप्टिस्टांकडे बायकांना पाळकपदाची दीक्षा मिळते. शास्त्र दोघंही तेच उघडतात. डीकनपदाबद्दल आमच्याकडे तर कुठे काही लिहिलेलंसुद्धा नाही, फक्त कोणी नाव सुचवत नाही.

पुढच्या रविवारी वार्षिक बैठक आहे. मी दोन बायकांची नावं सुचवणार आहे, आणि दर तीन महिन्यांचा हिशेब तेलुगू आणि मराठीत दाराशी लावावा असा ठराव मांडणार आहे. अत्तम्मांना आता जिना उतरवत नाही. शेजारची दोन मुलं त्यांना खुर्चीसकट उचलून आणणार आहेत, कारण आमच्यात मतदान हात वर करून होतं आणि त्यासाठी माणूस तिथे असावा लागतो.