नंबर काचेखाली नकोत, यंत्रणेत हवेत

आपल्याकडच्या अनेक कार्यालयांत ईपीएबीएक्स (कार्यालयाचे अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) बसवून वर्षे लोटली, तरी रोज लागणारे नंबर अजून ऑपरेटरच्या टेबलावरील काचेखालीच असतात. जुने नंबर खोडून बॉलपेनने नवे लिहिलेले, कडेला शाई पसरलेली, आणि ‘लिफ्टवाला’ म्हणजे नेमका कोणता, हे फक्त ऑपरेटरबाईंना ठाऊक. त्या रजेवर गेल्या की सगळ्यांचेच अडते. हे नंबर कार्यालयाचे आहेत आणि ते यंत्रणेच्या सामायिक स्पीड डायलमध्येच, म्हणजे छोटा कोड दाबून कोणालाही लावता येणाऱ्या साठवलेल्या नंबरांच्या यादीतच, असले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

ही सोय काही महागड्या यंत्रणांपुरती नाही. पॅनासोनिकच्या केएक्स-टीईएस८२४ सारख्या छोट्या यंत्रणेतही ०० ते ९९ असे १०० नंबर सर्वांसाठी साठवता येतात. तरीही ही जागा बऱ्याच ठिकाणी रिकामी राहते, कारण तंत्रज्ञ यंत्रणा बसवून जातो आणि त्याच्या हाती यादी देण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नसते.

एकत्र नोंदींचा खरा उपयोग बदलाच्या वेळी कळतो. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावणे देशभर आवश्यक झाले. नंबर प्रत्येक फोनमध्ये वेगवेगळे भरलेले असतील, तर असा बदल टेबलाटेबलावर जाऊन करावा लागतो. सामायिक यादीत तो एकाच जागी होतो. मात्र नोंद करताना बारकाईने पाहावे लागते. बाहेरची लाइन घेण्यासाठी शून्य, मग मोबाइलचे शून्य आणि त्यापुढे दहा आकडे, असा क्रम अनेक ठिकाणी येतो. काही यंत्रणांत लाइनच्या आकड्यानंतर पॉझ, म्हणजे क्षणभराचा थांबाही भरावा लागतो. तो राहिला आणि डायल टोन येण्याआधीच आकडे सुटले, तर सुरुवातीचे गळतात आणि फोन लागत नाही किंवा भलतीकडेच लागतो. म्हणून प्रत्येक नोंद एखाद्या साध्या एक्स्टेंशनवरून लावून पाहिल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये.

अनेक यंत्रणांत सामायिक स्पीड डायलला एसटीडी लॉकमधून, म्हणजे बाहेरचे फोन रोखणाऱ्या बंधनातून, सूट देता येते. रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाच्या फोनवरून एरवी बाहेर फोन लागत नसला, तरी व्यवस्थापकांना किंवा जनरेटर दुरुस्त करणाऱ्याला त्याने फोन लावू शकणे मला अत्यावश्यक वाटते. पण ज्याला यादी बदलता येते, त्याला ही सूट कोणत्याही नंबरला देता येते. म्हणून प्रोग्रामिंगचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायला हवा.

११२ हा आपत्कालीन मदतीचा नंबर मात्र केवळ स्पीड डायलच्या भरवशावर ठेवू नये. घाबरलेला माणूस, विशेषतः बाहेरून आलेला पाहुणा, थेट ११२ च दाबणार. तो आकडा आधी शून्य न लावताही लागला पाहिजे. २०१३ साली अमेरिकेत टेक्सासमधील एका हॉटेलात कारी हंट यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला, तेव्हा त्यांच्या लहान मुलीने ९११ हा तिथला आपत्कालीन नंबर वारंवार लावला; पण बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागत होता आणि ते तिला ठाऊक नव्हते. ९११ थेट लागावा यासाठी कारी यांच्या नावाने झालेला कायदा तेथे फेब्रुवारी २०२० मध्ये लागू झाला.

नोंदी व्यक्तीच्या नावाने न करता कामाच्या नावाने कराव्यात: ‘पाण्याचा टँकर’, ‘लिफ्ट दुरुस्ती’. माणसे बदलतात, काम तेच राहते. कर्मचाऱ्यांचे खासगी मोबाइल नंबर त्यांच्या संमतीशिवाय या यादीत घालू नयेत. आणि देखभाल कराराचा तंत्रज्ञ पुढच्या वेळी येईल, तेव्हा तपासलेली, तारीख घातलेली यादी प्रशासन विभागाने त्याच्या हाती तयार ठेवावी.