‘हिज कमिंग’ की ‘हिम कमिंग’: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया नीट वाचली. ज्यांनी मूळ चर्चा पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्रियापदाला ‘इंग’ लागून त्याचं नाम झालं आणि ती क्रिया कोणाची हे सांगायचं असेल, तर औपचारिक लेखनात ‘माय, युअर, हिज, देअर’ ही षष्ठीची रूपं वापरावीत, जसं ‘आय डोन्ट माइंड हिज कमिंग’, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर आपण लिहिलंत: “असलं इंग्रजी आता कोणी बोलत नाही. फाउलरच्या काळातले नियम पोरांच्या माथी मारून पांडित्य मिरवू नका. सगळे ‘हिम कमिंग’च म्हणतात.” (फाउलर म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीच्या वापराचे नियम सांगणारा लेखक.) शिवाय लेख लांबलाय, परिभाषा जड आहे आणि प्रिपोझिशनचा भाग ‘उगाच घुसडलाय’, हेही सुनावलंत.

असहमती मला चालते. पण ‘माथी मारणं’, ‘पांडित्य मिरवणं’ ही भाषा कशासाठी? समोरच्याचं म्हणणं खोडायचं तर त्यातलं एक वाक्य घेऊन ते का चुकतं हे दाखवावं लागतं. आपण एकही वाक्य घेतलं नाहीत. ‘सगळे म्हणतात’ एवढ्यावर भागवलंत.

एक मान्य करतो. बोलण्यात ‘आय डोन्ट माइंड हिम कमिंग’ हेच जास्त ऐकू येतं, आणि ते चूक नाही. मी तसं म्हटलंही नव्हतं. ‘औपचारिक लेखनात’ हे दोन शब्द लेखात स्पष्ट आहेत. ते सोडून वाचलं तर उत्तर तरी कशाला द्यायचं?

आता फाउलर. 1906 साली दोघा फाउलर बंधूंनी ‘द किंग्ज इंग्लिश’ या पुस्तकात ‘हिम कमिंग’सारख्या रचनेवर टीका केली आणि पुढे 1926 साली थोरल्या फाउलरने ती आणखी कडक केली. डॅनिश व्याकरणकार येस्पर्सन यांनी त्याला विरोध केला, जुन्या लेखकांमधली उदाहरणं काढून दाखवली. या वादात मी फाउलरच्या बाजूचा नाहीच. त्याला षष्ठी जवळपास सगळीकडे हवी होती, आणि ते जमत नाही. ‘विदाउट एनीवन नोइंग’ किंवा ‘द चान्स ऑफ स्नो फॉलिंग’ इथे ॲपॉस्ट्रॉफी एस लावून पाहा, वाक्य अवघडतं. कर्ता लांबलचक असेल, म्हणजे ‘ऑल द स्टुडंट्स इन द क्लास’सारखा, तर षष्ठी लावायची तरी कुठे? ‘देअर’पासून सुरू होणाऱ्या रचनेत, जसं ‘इन द इव्हेंट ऑफ देअर बीइंग अ डिले’, षष्ठीचा प्रश्नच येत नाही. मुळात या ‘देअर’चं षष्ठीचं रूपच नाही, आणि ‘त्यांचा’ या अर्थाचा ‘देअर’ उच्चाराला तोच असला तरी वेगळा शब्द आहे. तेव्हा ‘फाउलरचे नियम’ हा शिक्का माझ्यावर मारण्याआधी मी काय लिहिलंय ते बघायला हवं होतं.

इंग्रजी मसुदे तपासणं हे माझं रोजचं काम आहे. त्यात जे बिघडतं ते ‘जुनं की नवं’ या वादामुळे बिघडत नाही. सर्वनाम क्रियापदाचं कर्म आहे की पुढच्या ‘इंग’वाल्या क्रियेचा कर्ता, हे लिहिणाऱ्याला ठरवता येत नाही, म्हणून बिघडतं.

‘आय सॉ हिम लिव्हिंग’ घ्या. इथे ‘हिम’ हे ‘सॉ’चं कर्म आहे. कर्मणी करून बघा: ‘ही वॉज सीन लिव्हिंग’. जमलं. म्हणून इथे ‘हिज’ लिहायचं नाही. ‘सी, हिअर, वॉच, कॅच, फाइंड’ या क्रियापदांनी माणूस एखादी गोष्ट करत असताना दिसला, सापडला असं सांगायचं असेल, तर कर्माचंच रूप येतं. आता ‘आय रिझेंट हिज लिव्हिंग’ घ्या. ‘ही वॉज रिझेंटेड लिव्हिंग’ होत नाही. कारण राग त्या माणसावर नाही, त्याच्या जाण्यावर आहे. इथे ‘हिज’ नेमकं बसतं, ‘हिम’ सैल पण चालणारं. मराठी लिहिणाऱ्याला हा फरक आयता कळतो: ‘त्याला जाताना पाहिलं’, पण ‘त्याचं जाणं खटकलं’. पहिल्यात ‘हिम’, दुसऱ्यात ‘हिज’. प्रत्येक क्रियापदाला ही खूण लागू पडत नाही, पण पाहण्याऐकण्याच्या क्रियापदांशी गोंधळ झाला की तिचा उपयोग होतो. ‘आय हर्ड हिज सिंगिंग’ आणि ‘आय हर्ड हिम सिंगिंग’ दोन्ही बरोबर आहेत, पण पहिल्यात त्याचं गाणं ऐकलं, दुसऱ्यात त्याला गाताना ऐकलं.

आणि ‘सगळे हिमच म्हणतात’ हे जिथे साफ कोसळतं ते ठिकाण बघा. ‘हिज रीडिंग ऑफ द लेटर’ इथे ‘रीडिंग’ पूर्ण नाम आहे. त्याच्या पुढे ‘ऑफ’ आलंय, आधी विशेषणही लागतं: ‘हिज केअरफुल रीडिंग ऑफ द लेटर’. इथे ‘हिम’ चालतच नाही, बोलण्यातही नाही. ‘ऑफ’ काढलं की रचना बदलते: ‘हिज केअरफुली रीडिंग द लेटर’. आता विशेषणाच्या जागी क्रियाविशेषण आलं, ‘लेटर’ सरळ कर्म झालं, आणि इथे मात्र अनौपचारिक ‘हिम’ला वाव आहे. हे दोन साचे मिसळले की ‘हिज केअरफुली रीडिंग ऑफ द लेटर’सारखं वाक्य तयार होतं, आणि मसुद्यात असली वाक्यं नेहमी सापडतात. ज्या षष्ठीला आपण कालबाह्य म्हणता, ती इथे काढून दाखवा.

प्रिपोझिशनचा भाग ‘घुसडलेला’ का नव्हता, तेही सांगतो. प्रिपोझिशननंतर क्रियापद आलं तर ते सहसा ‘इंग’रूपातच येतं, म्हणून हे दोन विषय वेगळे शिकवताच येत नाहीत. ‘लुक फॉरवर्ड टू मीट यू’ ही चूक होते ती ‘टू’ला क्रियापदाचा ‘टू’ समजल्यामुळे. पुढे ‘इट’ ठेवून बघा: ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ जमतं, म्हणजे ‘टू’ प्रिपोझिशन आहे, आणि ‘मीटिंग’च हवं. ‘आय वाँट टू इट’ जमत नाही, म्हणून तिथे ‘मीट’. पुढे आणखी एक पेच आहे. ‘ही इन्सिस्टेड ऑन गोइंग’ म्हणजे जाणारा तोच. ‘ही इन्सिस्टेड ऑन माय गोइंग’ म्हणजे जाणार मी. षष्ठी असणं-नसणं यावर जाणारा माणूस बदलतो! म्हणूनच ‘थँक यू फॉर युअर कमिंग’ खटकतं: आभार ज्याचे, येणारा तोच, त्यामुळे ‘युअर’ फालतू. ‘थँक यू फॉर कमिंग’ पुरे.

‘प्रीव्हेंट’चंही तसंच. ‘प्रीव्हेंटेड हिम फ्रॉम गोइंग’मध्ये ‘फ्रॉम’ आलं की ‘हिम’ क्रियापदाचं कर्म होतं, ‘हिज’ बसत नाही. ‘फ्रॉम’ नसेल तर ‘प्रीव्हेंटेड हिज गोइंग’ हे शुद्ध, जरासं औपचारिक. आणि ‘विथ’ने सुरू होणाऱ्या जोडवाक्यांशात, ‘विथ हिम बीइंग अवे’, षष्ठी अजिबात नको. हे मी लेखातच लिहिलंय. फाउलरवाल्याने लिहिलं असतं का?

लांबीबद्दल आणि परिभाषेबद्दल बोलण्यासारखं काही नाही. ज्याला लांब वाटेल त्याने उदाहरणं तेवढी वाचावीत.

आपण परत लिहिणार असाल तर जरूर लिहा. फक्त या वेळी ‘सगळे’ हा शब्द बाजूला ठेवा आणि ‘हिम रीडिंग ऑफ द लेटर’ असं छापील मजकुरातलं एक वाक्य घेऊन या.