खरूज साबणाने धुऊन जात नाही

‘खरूज हा अस्वच्छतेचा रोग. रोज कडकडीत पाण्याने आणि जंतुनाशक साबणाने आंघोळ करा, खाजेल तिथे मलम चोळा, खाज थांबली की बरे झालात. घरभर फवारणीही करा.’ हा संदेश सध्या खूप फिरतोय. त्यातलं जवळजवळ काहीच बरोबर नाही.

खरजेच्या किड्याची मादी जेमतेम ०.४ मिलिमीटरची. ती कातडीच्या अगदी वरच्या थरात बीळ कोरून राहते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. साबण त्या बिळात पोचत नाही. कातडीला कातडी बराच वेळ लागून राहिली की खरूज पसरते: एका अंथरुणात झोपणं, मूल कडेवर घेणं. दिवसातून दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही ती होते. कडकडीत पाण्याने तर कातडी कोरडी पडून खाज भडकते.

‘खाजेल तिथे मलम’ या सल्ल्याने सगळ्यात जास्त उपचार फुकट जातात. खाज ही किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांच्यावरची शरीराची प्रतिक्रिया आहे, त्यामुळे बीळ नसलेल्या जागीही ती उठते. नेहमीच्या खरजेत अंगभर मिळून किडे दहा-पंधराच असतात आणि ते कुठे लपलेत हे दिसत नाही. म्हणून पर्मेथ्रिन ५ टक्के हे किडे मारणारं मलम मानेपासून तळपायांपर्यंत, कोरड्या अंगाला, एक इंचही न सोडता लावायचं. मोठ्या माणसाला एका वेळी सुमारे ३० ग्रॅम लागतं. बोटांच्या बेचक्या, मनगटं, काखा, बेंबी, जननेंद्रियं, नितंबांची घळ हे सगळं आलं. नखं कापून त्यांच्याखालीही लावा. रात्री लावून ८ ते १४ तासांनी धुवा. मधे हात धुतले, तर हातांना पुन्हा लावायचं. हेच बहुतेकजण विसरतात. बाळांना आणि वृद्धांना डोक्याला आणि चेहऱ्यालाही लागतं, डोळ्यांजवळचा आणि ओठांजवळचा भाग सोडून. दोन महिन्यांखालच्या बाळाला मात्र डॉक्टरांना विचारूनच.

अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. पहिल्या खेपेला वाचलेले गाठण्यासाठी सात दिवसांनी सगळं पुन्हा करायचं.

आणि हे घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो. पहिल्यांदा लागण झाली की खाज चार ते सहा आठवड्यांनी सुरू होते, तोवर माणूस इतरांना देत राहतो.

फवारणी कशाला? अंगावेगळा झालेला किडा साधारणपणे दोन-तीन दिवसांत मरतो. मागच्या तीन दिवसांतले कपडे, चादरी, टॉवेल ६० अंशांच्या पाण्यात धुवा. धुता न येणारं पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस ठेवा.

खाज थांबणं ही तर अगदीच फसवी खूण. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज दबते, पण किडा जिवंत राहतो. उलट नीट उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज टिकते. घाबरून रोज पर्मेथ्रिन चोळलं तर कातडी चुरचुरते. चार आठवड्यांनंतरही नवे फोड उठत असतील, पू किंवा जाड खपल्या दिसत असतील, तर डॉक्टरांकडे जा. खरजेवरच्या आयव्हरमेक्टिन या औषधाच्या गोळ्या वजनावर ठरतात, गरोदरपणात आणि १५ किलोंखालच्या मुलांना सहसा देत नाहीत, त्यामुळे त्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.