हिल्डेसहाइमचा गुलाब: जळाला होता, वाचली ती मुळं

जर्मनीतल्या हिल्डेसहाइमबद्दल एक मेसेज सध्या फिरतोय: 'महायुद्धात सगळं शहर बेचिराख झालं, पण कॅथेड्रलच्या भिंतीवरच्या हजार वर्षांच्या गुलाबाला धक्काही लागला नाही, समोरचा जुना बाजारचौकही तसाच उभा आहे.' यातलं बरंचसं चुकीचं आहे.

२२ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात कॅथेड्रल पडलं आणि गुलाबही जळाला. वर राखरांगोळी झाली, ढिगाऱ्याखाली मुळं मात्र जिवंत राहिली. त्याच वसंतात त्यांना नवे कोंब फुटले. खरी हकीकत इतकी विलक्षण असताना तिला चमत्काराचा मुलामा कशाला? हजार वर्षांचं वय ही आख्यायिका आहे. लेखी पुरावे साधारण चारशे वर्षांमागे जात नाहीत.

बाजारचौकाचं म्हणाल, तर तिथलं खाटीक संघाचं प्रसिद्ध लाकडी घर मूळचं १५२९ चं. तेही त्याच हल्ल्यात जळालं. आज दिसतं ते १९८० च्या दशकात नव्याने बांधलेलं आहे. कारागिरी अव्वल आहे, पण म्हणून ते जुनं ठरत नाही.

अस्सल जुनं बघायचं असेल, तर बिशप बेर्नवार्डने १०१५ मध्ये करवून घेतलेले कांस्यदरवाजे बघा. ते आधीच सुरक्षित जागी हलवल्यामुळे वाचले. त्यातल्या एका चौकटीत देव जाब विचारतो, तेव्हा आदम हव्वेकडे बोट दाखवतो आणि हव्वा पायाशी असलेल्या सापाकडे. हे दरवाजे खरोखर हजार वर्षांचे आहेत आणि मेसेजमध्ये त्यांचं नावही नाही.