सही करण्याआधी

केबिनमध्ये बोलावलं तेव्हा टेबलावर माझा राजीनामा तयार होता. मी न लिहिलेला. 'वैयक्तिक कारणास्तव' हे कारणही त्यांनीच शोधून ठेवलेलं. तारखेची जागा तेवढी कोरी, आणि शेजारी टोपण काढून ठेवलेलं पेन. त्या काढून ठेवलेल्या टोपणाचा राग मला अजून येतो.

एचआर मॅडम फार मायेने बोलत होत्या. "आम्ही काढलं तर तुमच्याच रेकॉर्डला डाग लागेल हो. त्यापेक्षा तुम्हीच द्या. एक्सपीरियन्स लेटर छान देऊ." मी विचारलं, "हेच मला मेलवर पाठवाल का?" माया आटली. "अहो, एवढं फॉर्मल कशाला करताय?"

तेव्हापासून माझी एकच कसोटी आहे. जी गोष्ट तोंडी सांगायला कुणी कचरत नाही पण लिहून द्यायला कचरतं, तिथे हमखास पाणी मुरत असतं. पंच आउट करा आणि परत जागेवर येऊन बसा. आजारपणाची रजा टाकू नका, आपण बघून घेऊ. या महिन्यात अर्धाच पगार, उरलेला नंतर देतो. यातलं एक तरी वाक्य कुणी लेटरहेडवर छापून देईल का? रोज आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, हा उद्योगांतल्या कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा पहिलाच करार, 1919 चा. शंभर वर्षं उलटली तरी पंच मशीनला चकवून तो मोडला जातोय.

अर्थात साहेब कडक असणं, चुकीवर बोलणी बसणं, अप्रेझल मनासारखं न होणं म्हणजे हक्कांवर गदा नव्हे. (माझ्या 'गुड मॉर्निंग'ला ग्रुपवर कुणी उत्तर देत नाही, हीसुद्धा छळाची तक्रार मी ऐकली आहे.) पण चारचौघांत लाज काढणं, अंगचटीला येणं, धमकावणं ही गोष्ट वेगळी. याच संघटनेच्या 2019 च्या 190 व्या करारात कामाच्या ठिकाणच्या हिंसेची आणि छळाची जी व्याख्या आहे, तिच्यात एकदाच घडलेला प्रकारही मोडतो. 'एकदाच तर झालं, सोडून दे' म्हणणाऱ्यांनी ती वाचावी.

आता राजीनाम्याचं. कंपनीला तो एवढा का हवा असतो? कारण काढून टाकायचं तर कारण द्यावं लागतं. 1982 चा 158 वा करार सांगतो की माणसाला काढायला त्याची क्षमता, वर्तन किंवा कामकाजाची गरज असं सबळ कारण हवं, आणि ठपका वर्तनाचा किंवा कामाचा असेल तर आधी बाजू मांडायची संधी हवी. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, पण हे तत्त्व बऱ्याच देशांच्या कायद्यांत सापडतं. तुम्ही 'स्वखुशीने' सही केलीत की हे सगळं एका फटक्यात निकालात निघतं. मग जबरदस्ती झाली हे सिद्ध करत तुम्ही फिरायचं.

मी सही केली नाही. धीट म्हणून नव्हे, हात थरथरत होता म्हणून. "घरी जाऊन वाचते," एवढंच म्हणाले. कागद त्यांनी दिला नाही. त्याच संध्याकाळी मेल लिहिला: आज अमुक वाजता, अमुक दोघांच्या समोर, मला राजीनाम्यावर सही करायला सांगितलं. माझा राजीनामा द्यायचा विचार नाही. माझ्या कामाबद्दल तक्रार असल्यास लेखी कळवावी. पहिल्या खर्ड्यात सात विशेषणं होती. 'निर्लज्ज' तर दोनदा. सगळी काढली. प्रत स्वतःच्या मेलवर घेतली, कारण ऑफिसचा आयडी पाच मिनिटांत बंद होतो. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, हजेरीचे स्क्रीनशॉट असेच घरी ठेवावेत. आपलेच हं. क्लायंटच्या फायली उचलल्यात तर उद्या आरोपी तुम्ही.

आणि थांबून राहू नका. कामगार कार्यालय असो, युनियन असो की वकील, तक्रारीला बहुतेक ठिकाणी मुदत असते, आणि 'बघू पुढच्या महिन्यात' करता करता ती निघून जाते.

तोच कागद आणखी दोघांसमोर ठेवला गेला होता, हे नंतर कँटीनमध्ये कळलं. आधी बोललो असतो तर तिघांचा एक मेल गेला असता. त्यातल्या एकाने सही केली. घराचा हप्ता होता, चांगलं लेटर हवं होतं. 'धाडस दाखवायला हवं होतं' म्हणणाऱ्यांनी आधी त्याचा हप्ता भरावा.

माझ्या मेलला उत्तर आलंच नाही. तो कागदही परत दिसला नाही. अकरा महिन्यांनी दुसरी नोकरी मिळाल्यावर मी राजीनामा दिला, तारीख स्वतः टाकली. फुल अँड फायनलसाठी, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या पैशांसाठी, मात्र तीन मेल करावे लागले.